विश्लेषण : सरासरी काढता येते, पण ती कोणाची? संख्याशास्त्राच्या वर्गात विचार करायला शिकवणे का गरजेचे आहे?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत लिलाव संपले की आकडे बाहेर पडतात. कांद्याची आवक इतकी, किमान दर इतका, कमाल दर इतका आणि तिसऱ्या रकान्यात एक मधला आकडा. निफाड, चांदवड, दिंडोरी भागात हा मधला आकडा दुपारपर्यंत शेकडो मोबाइलवर फिरतो. उद्या गाडी भरायची की थांबायचे, हे त्यावर ठरते. याच गावात मराठा विद्या प्रसारक समाजाचे कर्मवीर काकासाहेब वाघ महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी संख्याशास्त्राचा पेपर लिहिणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी तो आकडा रोज वाचला जातो. वर्गात ही मुले सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन यांची गणिते सोडवतात. पण बाजार समितीचा तिसऱ्या रकान्यातला आकडा या चौघांपैकी नेमका कोणता, असा प्रश्न परीक्षेत क्वचितच येतो.

हा प्रश्न आता महत्त्वाचा होण्यामागे दोन कारणे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा पदवी अभ्यासक्रम लागू झाला. त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना क्रेडिट मिळाले. म्हणजे पुस्तकातल्या नव्हे, तर स्वतः गोळा केलेल्या आकड्यांशी विद्यार्थ्यांची गाठ पडू लागली. दुसरीकडे, २०२५ च्या खरिपापासून राज्यातील पीकविम्याची भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे नमुना पाहणीवर येऊन ठेपली. संख्याशास्त्र थेट शेताच्या बांधावर आले आहे.

बाजारभावातील ‘सरासरी’ ही खरोखर सरासरी असते का?

बहुतेक वेळा नसते. केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावर किमान आणि कमाल यांच्याबरोबर जो तिसरा दर असतो, त्याला ‘मोडल’ दर म्हणतात. राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात त्याला ‘सर्वसाधारण दर’ असे नाव आहे. ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो दर, असा त्याचा अर्थ. दहावीच्या पुस्तकातला बहुलक तो हाच. बातम्यांमध्ये मात्र त्याचे अनेकदा ‘सरासरी दर’ होते आणि ऐकणारा तो शब्द शाळेतल्या अर्थाने घेतो.

फरक किती पडतो, हे एका काल्पनिक दिवसावरून पाहू. समजा, बाजारात दहाच वाहने आली आणि त्यांना क्विंटलमागे अनुक्रमे ४००, ६००, ९००, १,२००, १,५००, १,५००, १,५००, १,६००, १,७०० आणि २,१०० रुपये मिळाले. बहुलक १,५०० आहे. मध्यकही १,५०० आहे. साधी सरासरी मात्र १,३०० येते. आता त्यात वजन घालू. गोल्टी किंवा भिजलेला माल आणलेल्या पहिल्या चार वाहनांत प्रत्येकी ३० क्विंटल आणि उरलेल्या सहांत प्रत्येकी २० क्विंटल कांदा असेल, तर त्या दिवशी एका क्विंटलला मिळालेली खरी सरासरी रक्कम सुमारे १,२१२ रुपये होते. किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मे केले, तर आणखी चौथा आकडा मिळतो, १,२५०. विद्यार्थी हे बऱ्याचदा करतात, कारण हाताशी तेवढेच असते.

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. चांगला, निवडलेला माल घेऊन उद्या गेलो तर साधारण काय मिळेल, असे विचारणाऱ्याला १,५०० उपयोगी आहे. त्या दिवशी बाजारातून शेतकऱ्यांच्या हाती एकूण किती पैसा गेला, हे शोधणाऱ्याला १,२१२ हवा. आणि पहिल्या चार वाहनांच्या मालकांना १,५०० हा आकडा दुसऱ्या गावचा वाटेल.

महिन्याची सरासरी काढताना हाच घोळ मोठा होतो. एका दिवशी १,००० क्विंटल आवक आणि दर २,०००, दुसऱ्या दिवशी ९,००० क्विंटल आवक आणि दर १,००० असे समजा. दोन दिवसांच्या दरांची साधी सरासरी १,५०० येते. आवक लक्षात घेतली, तर क्विंटलमागे मिळाले १,१००. आवक वाढली की दर पडतो, हे पिंपळगावात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच रोजच्या दरांची साधी सरासरी शेतकऱ्याला मिळालेल्या पैशापेक्षा सहसा जास्त दिसते. आवकेचा रकाना त्याच तक्त्यात, त्याच ओळीत असतो. तरीही तो न वापरता काढलेले आलेख प्रकल्पांच्या फायलींतच नव्हे, तर मोठ्या चर्चांमध्येही सर्रास दिसतात.

‘चिंतनशील विचार’ म्हणजे नेमके काय?

शब्द भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. आलेल्या उत्तरापाशी थांबून ते कशावर उभे आहे हे तपासणे आणि आपला आधीचा समज बदलायची गरज आहे का हे स्वतःला विचारणे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात ही कल्पना शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणली. त्यांच्या मते असा विचार अडचणीतून, संभ्रमातून सुरू होतो. सगळे सुरळीत असेल तर माणूस थांबून विचार करत नाही.

संख्याशास्त्राच्या अध्यापनात नेमका हा संभ्रमच काढून टाकलेला असतो. पुस्तकातले आकडे स्वच्छ असतात. कोणता सूत्रसंच लावायचा, हे प्रकरणाच्या नावावरूनच कळते. सहसंबंधाच्या प्रकरणाखाली दिलेले उदाहरण सहसंबंधाचेच असणार. न्यूझीलंडमधील ख्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फॅनकुच यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांच्या आणि व्यावसायिक संख्याशास्त्रज्ञांच्या मुलाखतींच्या आधारे संख्याशास्त्रीय विचाराची मांडणी केली. त्यांच्या आराखड्यात समस्या, नियोजन, आकडे, विश्लेषण आणि निष्कर्ष असे पाच टप्पे येतात. आपल्याकडचा पेपर बहुतांशी चौथ्या टप्प्यात सुरू होतो आणि तिथेच संपतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २००५ मध्ये महाविद्यालयीन अध्यापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. त्यांचाही भर सूत्रांपेक्षा विचारावर आणि खऱ्या आकड्यांवर आहे. म्हणजे दुखणे फक्त आपले नाही.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा आहे का?

आहे, आणि ती शेतातच सुरू होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले आणि परतल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचे अंदाज कसे काढावेत, या कामाला लागले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभागाचे नेतृत्व केले.

१९४० च्या दशकात पीक कापणीच्या पद्धतीवरून भारतीय संख्याशास्त्रात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल शेतात लहान लहान तुकडे, पण भरपूर ठिकाणी कापण्याकडे होता. कागदावर हे आकर्षक होते, नमुने जास्त तर अंदाज नेमका. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांवरून दाखवले की तुकडा फार लहान असेल तर उत्पादन वास्तवापेक्षा जास्त दिसते. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांची यावरची टिपण प्रसिद्ध झाली. कारण सूत्रात नव्हते, ते विळा धरणाऱ्या हातात होते. सीमेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की माणूस ते आत धरतो.

हा मुद्दा वर्गात पाच मिनिटांत पटवता येतो. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी फक्त पाच सेंटिमीटर जास्तीचे पीक आत आले असे धरा. क्षेत्र १.१ गुणिले १.१, म्हणजे १.२१ चौरस मीटर झाले. अंदाज २१ टक्क्यांनी फुगला. तीच पाच सेंटिमीटरची चूक १० मीटर बाय ५ मीटरच्या तुकड्यात केली, तर क्षेत्र ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर होते आणि चूक जेमतेम तीन टक्के राहते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की लहान तुकड्यांची संख्या हजारवरून दहा हजारांवर नेली तरी २१ टक्के तसेच राहतात. नमुना मोठा केल्याने योगायोगाने होणारी चूक कमी होते, एकाच दिशेने होणारी चूक नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला ‘नमुन्याचा आकार वाढवा म्हणजे अचूकता वाढेल’ हे वाक्य पाठ असते. ते कधी लागू पडत नाही, हे त्याला या एका उदाहरणातून कळते.

याचा आजच्या पीकविम्याशी काय संबंध?

राज्यात २०२३ पासून सुरू असलेली एक रुपयातील पीकविम्याची सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के असा पूर्ववत झाला. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान असे स्वतंत्र निकष बाजूला पडून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरवण्याचा निर्णय झाला. खरीप कांदाही राज्यातील विम्याच्या पिकांत आहे.

हिशेब असा चालतो. गेल्या सात वर्षांतील सर्वांत चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न घ्यायचे आणि त्याला जोखीम स्तराने गुणायचे. राज्यात हा स्तर ७० टक्के आहे. येणारा आकडा म्हणजे उंबरठा उत्पन्न. चालू हंगामात मंडळाचे सरासरी उत्पन्न त्याखाली गेले, तर जितके खाली गेले त्या प्रमाणात भरपाई.

समजा, पाच वर्षांची सरासरी हेक्टरी २०० क्विंटल आहे. उंबरठा झाला १४०. यंदा मंडळात खरे उत्पन्न १२० आले. तूट २० ची, म्हणजे १४.३ टक्के. विमा संरक्षित रक्कम एक लाख धरली, तर भरपाई सुमारे १४,३०० रुपये. आता मोजणीत तीन टक्क्यांची चूक झाली आणि १२० ऐवजी १२३.६ नोंदले गेले, तर भरपाई ११,७०० वर येते. चूक २१ टक्क्यांची असती तर नोंद १४५ ची झाली असती आणि भरपाई शून्य. आजच्या प्रयोगांत चौरस मीटरचे तुकडे घेत नाहीत, त्यामागे सुखात्म्यांच्या पिढीचे हेच काम आहे. तरीही तीन टक्क्यांची चूक भरपाईचा जवळपास पाचवा हिस्सा खाते, हे सूत्र नुसते पाठ केले तर दिसत नाही. आकडे घालून पाहिले की दिसते.

आणि मोजमाप अगदी बिनचूक झाले तरी एक प्रश्न राहतोच. सरासरी मंडळाची आहे, शेत एकाचे आहे. ओढ्याकाठच्या दोन एकरांतील कांदा सडला आणि मंडळातील बाकीचा तरला, तर त्या दोन एकरांच्या मालकाला काहीच मिळत नाही. ही मोजणीतील चूक नाही, योजनेची रचनाच तशी आहे. एकेका शेताची पाहणी करण्याचा खर्च आणि त्यातले वाद टाळण्यासाठी क्षेत्र हा घटक धरला जातो. हा सौदा योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पण बोलण्याआधी सरासरी आणि विचरण यांतला फरक कळावा लागतो. ‘प्रमाण विचलन काढा’ या प्रश्नाला सहा गुण असतात. मंडळातील प्रमाण विचलन मोठे असेल तर विम्याचा उपयोग कोणाला कमी होतो, या प्रश्नाला एकही नसतो.

जे आकड्यांत नाही, ते कसे ओळखायचे?

उन्हाळ कांदा चाळीत ठेवून उशिरा विकला की चांगले पैसे होतात, हा समज जुना आहे आणि दरांच्या तक्त्यात त्याला आधारही मिळतो. एप्रिलचा दर आणि सप्टेंबरचा दर शेजारी ठेवले की अनेक वर्षांत फरक दिसतो. पण सप्टेंबरच्या तक्त्यात फक्त तोच कांदा असतो जो तोवर टिकला. चाळीत सडलेला, कोंब आलेला, वजनात घटलेला कांदा लिलावाला येत नाही, म्हणून नोंदीतही येत नाही. शंभर क्विंटल ठेवून सत्तरच बाजारात नेले, तर दर ४० टक्क्यांनी वाढूनही ठेवणारा तोट्यात जातो, कारण ७० गुणिले १.४ म्हणजे ९८. चाळीचा आणि मजुरीचा खर्च त्यावर वेगळा.

याच प्रकारच्या विचाराचे जगातले प्रसिद्ध उदाहरण अब्राहम वाल्ड यांचे. दुसऱ्या महायुद्धात मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत, हे मोजले जात होते. जिथे खुणा जास्त तिथे चिलखत वाढवावे, असे सहज वाटते. वाल्ड यांच्या मांडणीचे सार उलटे होते. जिथे गोळी लागली ती विमाने परतलीच नाहीत, त्या जागा परतलेल्या विमानांवर कोऱ्या दिसणार. (हेच वाल्ड १९५० च्या डिसेंबरात भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात गेले.) पिंपळगावच्या विद्यार्थ्याला हे समजायला बॉम्बफेकी विमानांची गरज नाही. सडलेला कांदा उकिरड्यावर टाकताना त्याने पाहिलेला असतो. शिवार खरेदीत व्यापाऱ्याने बांधावरून उचललेला मालही बाजार समितीच्या लिलावात दिसत नाही, हेही त्याला माहीत असते. माहिती त्याच्याकडे आहे. वर्गातल्या आकड्यांशी तिची सांगड घालायला कोणी सांगितलेले नसते.

आपल्याच मताची परीक्षा का अवघड जाते?

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावले होते. बंदीनंतर नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, दर झपाट्याने उतरले. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत हटली आणि शुल्क निम्मे झाले, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले.

‘बंदीमुळे दर पडले’ हे वाक्य या भागात कोणी तपासायला घेत नाही, कारण ते सगळ्यांनी भोगलेले आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोरचा प्रश्न थोडा वेगळा आहे. बंदीमुळे किती पडले? डिसेंबरमध्ये लाल कांद्याची आवक तशीही वाढते आणि दर तशेही नरमतात. तेव्हा ७ डिसेंबर आणि २० डिसेंबरच्या दरांतला सगळा फरक बंदीच्या खात्यावर टाकता येत नाही. बंदी नसती तर काय झाले असते, याचा अंदाज बांधावा लागेल. मागच्या पाच-सात डिसेंबरांत दर आणि आवक कशी हलली, निर्यात फारशी न होणाऱ्या राज्यांतील बाजारांत त्याच पंधरवड्यात काय झाले, हे पाहावे लागेल. असे केल्यावर बंदीचा परिणाम नाहीसा होईल असे मुळीच नाही. निर्यातीचा दरवाजा एका रात्रीत बंद केल्यावर दर पडतात, याला अर्थशास्त्राचा भक्कम आधार आहे. पण उत्तर एका घोषणेऐवजी एका अंतराच्या रूपात येईल, अमुक ते अमुक रुपये. असा आकडा घेऊन गेलेले निवेदन फेटाळणे अधिक अवघड असते. आणि समजा, हाती आलेला आकडा अपेक्षेपेक्षा लहान निघाला, तर? तो विद्यार्थी घरी काय सांगेल? चिंतनशील विचाराची खरी कसोटी इथे लागते, सूत्रात नाही.

समोरच्या बाजूच्या आकड्यांनाही तेच प्रश्न विचारायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासात ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ टक्के, तर कांद्यात ३६ टक्के असल्याचे म्हटले आहे. हा वाटा म्हणजे नफा नव्हे. त्यातूनच बियाणे, औषधे, मजुरी, वाहतूक वजा व्हायची आहे. शहरात बसून ३६ टक्के हा आकडा ‘बरा आहे की’ असा वाचला जातो, तो यामुळेच.

मग हे वर्गात का होत नाही?

शिक्षकांना समजत नाही म्हणून, असे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. शेकडो उत्तरपत्रिका काही दिवसांत तपासायच्या असतील, तर एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न विचारणे भाग पडते. सरासरी १,३०० आली की पूर्ण गुण. ‘ही सरासरी इथे वापरू नये, कारण…’ असे लिहिणाऱ्याला किती गुण द्यायचे, हे आदर्श उत्तरपत्रिकेत नसते. त्यात ग्रामीण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे प्रमाण मोठे. ज्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, त्याने शिवारात जाऊन विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासाव्यात, ही अपेक्षा कोणत्याही वेतनपत्रकात बसत नाही. क्षेत्रीय प्रकल्पाला क्रेडिट मिळाले, त्यासाठी लागणारा शिक्षकाचा वेळ मात्र कुठून येणार याचे उत्तर मिळालेले नाही. मग पन्नास जणांची प्रश्नावली, चार वर्तुळालेख आणि शेवटी ‘जनजागृती आवश्यक आहे’ असा निष्कर्ष, या साच्यात प्रकल्प उरकले जातात.

भाषेचीही अडचण आहे. विज्ञान शाखेत संख्याशास्त्र इंग्रजीतून शिकवले जाते. विद्यार्थी सूत्र इंग्रजीत लिहितो, कारण ते चिन्हांत असते. अर्थ लिहायची वेळ आली की तो पाठ केलेले वाक्य उतरवतो. त्याला मराठीत विचारले, तर तोच मुलगा गोल्टीचा दर सरासरीत धरू नये यावर दहा मिनिटे वाद घालू शकतो.

आता चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे हा साचा आणखी पोकळ झाला आहे. आकडे टाकले की सरासरीपासून प्रतिगमनापर्यंत सगळे काही सेकंदांत मिळते, सोबत चार परिच्छेदांचे सफाईदार विवेचनही. गणिताच्या पायऱ्यांना दिलेले गुण आता नेमके कशाचे आहेत, हा प्रश्न त्यामुळे परीक्षा मंडळांना टाळता येणार नाही. पण या साधनाला तिसऱ्या रकान्यातला दर बहुलक आहे की सरासरी, हे तक्त्यावरून कळतेच असे नाही. बांधावर कोणते रोप आत धरले गेले, हे तर मुळीच नाही.

काय करता येण्यासारखे आहे?

फार मोठी यंत्रणा लागत नाही. गणित सोडवण्याआधी अंदाज लिहून घेणे, ही एक जुनी आणि फुकटची युक्ती आहे. ‘सरासरी मध्यकापेक्षा जास्त येईल की कमी, आणि का?’ हे दोन ओळींत लिहायचे, मग आकडेमोड करायची, मग अंदाज चुकला असेल तर कुठे, हे आणखी दोन ओळींत लिहायचे. गुण अंदाज बरोबर आल्याचे नाहीत, चूक शोधल्याचे. या चार ओळी मराठीत लिहायला परवानगी द्यावी. शंभर वह्या तपासण्याऐवजी दर आठवड्याला दहा वह्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या तरी चालते. यादृच्छिक नमुना कशाला म्हणतात, हेही त्यातून शिकून होते.

दुसरी गोष्ट हिशोबपट्टीची. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी येते तिच्यावर वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती पडलेली रक्कम असते. प्रत्येक विद्यार्थ्याने नाव झाकून घरची किंवा शेजारची एक पट्टी आणायची आणि त्या दिवशीच्या सर्वसाधारण दराशी तिची तुलना करायची. साठ पट्ट्या जमल्या की वर्गाकडे स्वतःचा नमुना तयार होतो. मग खरे प्रश्न सुरू होतात. पट्टीवरचे दर जाहीर दरापेक्षा सरसकट कमी का दिसतात? की तसे दिसत नाहीत? ज्याचा माल मातीमोल गेला त्याने पट्टी आणलीच नसेल का? की उलट, राग असलेल्यानेच हौसेने आणली असेल? या साठांवरून पिंपळगावच्या बाजाराबद्दल काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही? ज्यांच्या घरी शेती नाही, त्या विद्यार्थ्यांना किराणा दुकानाच्या खरेदीची बिले किंवा मजुरीच्या नोंदी चालतील. तुलना करायला तेही आकडेच आहेत.

यात जोखीम नाही असे नाही. घरच्या कर्जाचा, तोट्याचा आकडा वर्गात उघडा पडणे कोणालाही नको असते, म्हणून नाव झाकणे पुरेसे नाही. पट्ट्या शिक्षकाकडे बंद पाकिटात याव्यात आणि वर्गासमोर फक्त आकडे जावेत, एवढी काळजी घ्यावी लागेल. आणि निघालेले निष्कर्ष बाजार समितीला किंवा व्यापाऱ्यांना आवडतीलच असेही नाही. साठ पट्ट्यांवरून कोणावर आरोप करता येत नाही, हे विद्यार्थ्यांना आधी समजले असेल तर ती वेळ येणार नाही.

टोमॅटोचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. पिंपळगावात तेव्हा दर क्विंटलमध्ये नव्हे, तर वीस किलोच्या कॅरेटमध्ये बोलला जातो आणि एका दिवसातल्या किमान-कमाल दरांतले अंतर कांद्याहूनही मोठे असू शकते. विद्यापीठाचे सत्रही त्याच सुमारास सुरू झालेले असते.